पास म्हणजे नक्की किती? एसएसएलसी, तीन परीक्षा आणि आमचे वीसपैकी वीस

पाटीवरची_रेघ

नमस्कार मंडळी. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात गणित शिकवते. नोकरीला १९ वर्षं झाली. शाळेचं नाव लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालं ते तुमच्या कानावर आलं असेल. एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातली दहावी, पास व्हायला आता ६२५ पैकी २०६ मार्क पुरेत, म्हणजे ३३ टक्के, आणि प्रत्येक विषयात किमान ३० टक्के. आधी विषयागणिक ३५ लागायचे. बातमी आली तेव्हा दसऱ्याची सुट्टी चालू होती. जातनिहाय सर्वेक्षणासाठी सरकारने यंदा ती १८ ऑक्टोबरपर्यंत वाढवली होती. सुट्टी अर्थात पोरांना. आम्ही घरोघर फिरत होतो.

शाळा सुरू झाली त्या दिवशी दहावीच्या वर्गात पाऊल टाकलं, तर मागच्या बाकावरचा एक जण उभा राहिला. म्हणाला, "बाई, इंटरनलचे वीस धरले तर लेखीत दहाच की!"

वर्ग हसला. मी नाही हसले, कारण हिशेब बरोबर होता. १०० पैकी ३० हवेत, त्यात २० इंटरनल. राहिले १०, तेही ८० पैकी. आणि हा हिशेब करणारा पोरगा कोण, तर वजा पाच अधिक तीन विचारलं की छातीठोकपणे वजा आठ सांगणारा. घरी जाऊन मी पूर्ण गणित मांडलं. पहिल्या भाषेचे २५ आणि बाकी पाच विषयांचे वीस-वीस, असे इंटरनलचे १२५ पूर्ण मिळाले, तर एकूण २०६ गाठायला लेखीत ५०० पैकी ८१ पुरतात. पाचशेपैकी एक्क्याऐंशी!

आता खरी गोष्ट सांगते, त्यासाठीच धागा काढलाय. ते वीस मार्क देते कोण? मीच देते. चार एफएंचे मार्क मिळून शेवटी वीसात बसवायचे असतात. एफए म्हणजे आकारिक मूल्यमापन, कागदावर उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी. प्रत्यक्षात फेब्रुवारीत तक्ता समोर येतो आणि आम्ही अठरा, एकोणीस, वीस असे मार्क भरत जातो. वर्षभर ज्याने वहीच आणली नाही त्यालाही सतरा. १९ वर्षांत मी कुणालाही पंधराच्या खाली आणलेलं नाही. का, ते शिक्षकांना सांगायला नको. बाकीच्यांना पुढे सांगेन.

तीन परीक्षांबद्दल माझं मत वेगळं आहे. २०२३-२४ पासून परीक्षा-१, परीक्षा-२, परीक्षा-३ अशी पद्धत आली. नापास झालेला पुन्हा बसतो, पास झालेलाही मार्क वाढवायला बसू शकतो, आणि तिन्हीतले चांगले ते मार्क धरतात. माझ्या एका मुलीला पहिल्या खेपेला गणितात ७१ होते. आलेख काढताना अक्षावरचं प्रमाण चुकलं आणि पुढचं सगळं गडगडलं. जूनमध्ये तिला ८८ पडले. मार्चमधली ती मुलगी खोटी आणि जूनमधली खरी असं मला वाटत नाही. संधी तीन द्या, पाच द्या. पण वर चढायला शिडी देताय, तर माडीच खाली आणून कशाला ठेवताय?

तुम्हाला काय वाटतं?

---

कुंदाप्रेमी

३५ ला तरी कुठे सोनं लागलं होतं? सीबीएसईला ३३ आहे, तिथली पोरं अडाणी निघतात का? रेघ कुठेही मारा, तिच्या खाली दोन मार्कांनी कुणीतरी राहणारच. बाकी तुमच्या मागच्या बाकावरच्याला माझा नमस्कार कळवा. हा पुढे कंत्राटदार होणार.

---

निपाणीकर_राजू

बाई, तुमचा मुद्दा बरोबर असला तरी सीमेवरच्यांचं दुखणं अजून वेगळं आहे. आमच्या निपाणीतून पोरं अकरावीला कोल्हापूरला जातात. आता माझ्या पुतणीचं मार्क्स कार्ड बघा. मराठी ११८, इंग्लिश ८२, कन्नड ५८, गणित ९०, विज्ञान ८८, समाज ९२. बेरीज ५२८. सव्वासहाशेत ते ८४.४८ टक्के होतात. तिची आत्येबहीण कागलला, तिकडे २०१० पासून बेस्ट ऑफ फाइव्ह. म्हणजे सगळ्यात कमी पडलेला विषय बाजूला. आमच्या पोरीचं कन्नड तसंच बाजूला काढलं तर ५२५ पैकी ४७०, म्हणजे ८९.५२. पोरगी तीच, अभ्यास तोच. टक्क्यात पाचाचा फरक, फक्त नदीच्या अलीकडे जन्मली म्हणून.

सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्राने काही कोर्सना राखीव जागा ठेवल्यात, त्या मिळतातही. पण दाखला, मग त्याचा दाखला, मग त्यावर सही. बापाची एक चप्पल झिजते.

आता हीच पोरगी कन्नडसाठी परीक्षा-२ ला बसली असती तर? आम्ही बसवली नाही. "पास झालीय, आता कशाला," असं घरातलेच म्हणाले. चूक झाली असं आता वाटतं.

---

खडूधूळ

निवृत्त मुख्याध्यापक. बेळगाव तालुका. थोडं लांब लिहितो, म्हाताऱ्याला माफ करा.

आमच्या काळी नापास झालेल्याला "वारीला निघाला" म्हणायचे. मार्चची वारी, ऑक्टोबरची वारी. दोन वाऱ्या झाल्या की पोरगा आपोआप गवंड्याच्या हाताखाली नाहीतर उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर. पोरगी असली तर त्याच वैशाखात लग्न. एका विषयात सहा मार्क कमी पडल्याने संसार सुरू झालेल्या मुली मी पाहिल्यात. त्यामुळे परीक्षा-२ आणि परीक्षा-३ ला जे नावं ठेवतात त्यांच्याशी माझं जमणार नाही. ही चांगली सोय आहे. पुरवणी हा शब्द गेला हेही चांगलं.

पण निकालाचं पाणी कुठे मुरतंय ते बघा. २०२१ ला कोरोनात दोन दिवसांत सहा विषय उरकले, सगळे बहुपर्यायी प्रश्न, आणि जवळपास सगळे पास. २०२३ ला निकाल ८३.८९ टक्के. २०२४ ला परीक्षेच्या खोल्यांत कॅमेरे लागले, वेबकास्टिंग आलं, आणि निकाल ७३.४० वर आला. तोही कसा, तर ग्रेस मार्क १० टक्क्यांचे २० टक्के केले आणि ग्रेसची पात्रता ३५ वरून २५ टक्क्यांवर आणली म्हणून. नाहीतर ५४ च्या आसपासच अडकला असता. त्या ग्रेसवर खुद्द मुख्यमंत्र्यांनी नाराजी दाखवली, मग पुढच्या वर्षी ते वाढीव ग्रेस गेलं. २०२५ ला परीक्षा-१ चा निकाल ६६.१४. आणि आता रेघच ३३ वर.

म्हणजे पोरं एका वर्षात ढ झाली का? नाही. आधी ज्या जोरावर ८० च्या वर जात होतो तो जोर कॅमेऱ्याने काढून घेतला. मी स्वतः केंद्रप्रमुख होतो, मला कुणी सांगायला नको. खिडकीखाली उभे राहणारे मामा-काका कोण असायचे, आणि बहुपर्यायीच्या वेळी एखादे सर वर्गात येऊन "नीट वाचा, दुसरा प्रश्न नीट वाचा" असं का म्हणायचे, सगळं माहीत आहे. आपण डोळ्यांवर कातडं ओढलं होतं. कॅमेऱ्याला डोळे मिटता येत नाहीत, एवढाच फरक.

अजून एक कबुली. पेपर तपासणीच्या कॅम्पात मीच एकदा एका उत्तरपत्रिकेचं मधलं पान उलटायचं विसरलो होतो. दोन पानं चिकटलेली होती. पुन्हा बेरीज करणाऱ्याने पकडलं, नऊ मार्क होते त्यात. पुढे नोकरीभर प्रत्येक पान अंगठ्याने चोळून बघायची सवय लागली. तेव्हा एका परीक्षेच्या आकड्याला देवाचा कौल समजू नये, एवढं मी नक्की म्हणेन.

---

पाटीवरची_रेघ

सर, तुमचं ते "नीट वाचा" वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं.

---

पुणेरी_अनगोळकर

मी सध्या पुण्यात, मूळचा अनगोळचा. उलट बाजू मांडतो. तीन परीक्षांचा फायदा नक्की कोण घेतं? शहरातली, ट्यूशनवाली पोरं. ९२ ची ९५ करायला परीक्षा-२. तिकडे खेड्यातला नापास मुलगा मेमध्ये काजूच्या नाहीतर जांभळाच्या मागे असतो, नाहीतर गोव्याला हॉटेलात. त्याला फॉर्म कधी भरायचा हेही कळत नाही. शिवाय "पुढच्याला बघू" ही सवय लागते ती वेगळीच. कॉलेजात ही पोरं पहिल्या इंटरनललाच विचारतात, सर, रिटेस्ट कधी?

---

जांबोटी_घाट

पुणेरी भाऊ, कसली सवय गा? मी सांगतो परीक्षा-३ काय असते ते.

माझा धाकटा भाऊ. गणित आणि विज्ञान गेलं. मे-जूनच्या परीक्षेत विज्ञान निघालं, गणित राहिलं. परीक्षा-३ जुलैत. आमच्याकडचा जुलै तुम्ही बघितलाय का? मलप्रभा उगवते तीच मुळी आमच्या कणकुंबीत. चार-चार दिवस सूर्य नाही, लाइट नाही, पुलावर पाणी चढलं की एसटी अर्ध्यातनं परत. सेंटर खानापूरला. पेपर सकाळचा. म्हणून आदल्या दिवशीच त्याला मावशीकडे नेऊन ठेवला. हॉल तिकीट दुधाच्या पिशवीत घालून, वरून रबर लावून. रेनकोटच्या आत शर्टात कोंबलं होतं, तरी कोपरा भिजला आणि फोटोवरची शाई पसरली. सेंटरवरच्या बाईंनी फोटो बघितला, त्याच्याकडे बघितलं, म्हणाल्या, "तू तर हाच दिसतोस, हा पण चिखलात पडल्यासारखाच दिसतोय." बसू दिलं.

गणितात ३७ पडले. घरी आल्यावर आजीने ३७ रुपयांचे पेढे आणा म्हटलं. तेवढ्यात दोनच आले.

आज पीयूसीला, म्हणजे आमच्याकडच्या अकरावीला आहे. उशिरा ॲडमिशन, पहिला महिनाभराचा भाग बुडालेला, अकाउंट्समध्ये डेबिट-क्रेडिट उलटसुलट करायचा. आता सावरलाय. तो सवयीने नाही बसला तीनदा. आणि फॉर्मचं म्हणाल तर त्याच्या वर्गशिक्षकांनी घरी येऊन भरून घेतला. तसे न येणारेही असतात, ते खरं आहे. सगळी नुसती बोलूलालेत, पण जुलैत खानापूरला यायला कुणी नाही.

---

पुणेरी_अनगोळकर

हे वाचून माझा मुद्दा अर्धा मागे घेतो. अर्धाच.

---

दोन्ही_घरचा

आई मराठी, वडील कन्नड, गाव हुक्केरीकडे. मी कन्नड माध्यमात शिकलो. राजूभाऊंच्या पुतणीला कन्नडात ५८, आमच्या वर्गात तशीच रड इंग्लिशची होती. भाषा कुठलीही असो, घरात जी ऐकू येत नाही ती मार्कात खाली बसते. मराठी शाळेतल्या पोरांना तिसरी भाषा म्हणून कन्नड आणि आम्हाला हिंदी, असा मामला. आम्ही हिंदीत पिक्चर बघून पास झालो. मराठी पोरांनी कन्नड पिक्चर बघायला हरकत नाही, मी नावं सुचवतो.

विनोद सोडा. इंटरनलबद्दल बाईंना एक विचारतो. तुम्ही एकट्याने खरे मार्क दिले तर काय होईल? शेजारच्या शाळेतला तसलाच पोरगा २० घेऊन पास होणार आणि तुमचा ११ घेऊन बसणार. परीक्षा तीनदा देता येते, पण इंटरनल एकदाच ठरतं आणि तेच तिन्ही परीक्षांना धरतात.

---

पाटीवरची_रेघ

हेच तर "पुढे सांगेन" म्हणाले होते. बरोबर नेम धरलात.

शाळेचा निकाल खाली आला की बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकारी, यांच्या ऑफिसातून बोलावणं येतं. कमी निकालाच्या शाळांची यादी, मीटिंग, कारणे द्या. कारणं लिहून दिली तरी ती कुणी वाचत नाही, पण निकालाचा आकडा सगळे वाचतात. मग शाळेत "पासिंग पॅकेज" येतं. बाहेरच्यांना ठाऊक नसेल. कच्च्या पोरांसाठी निवडक प्रश्नांची जुडी. गणितात आलेख चार मार्कांना, एक प्रमेय, मध्य-बहुलक, बस. विज्ञानात आकृत्या. मेंदू, हृदय, पाण्याचं विद्युत अपघटन. जानेवारीपासून सकाळी लवकर बोलावून तेवढंच घोटून घ्यायचं.

मागच्या वर्षी थेल्सचं प्रमेय असंच घोटून घेतलं होतं. सराव पेपरात मी मुद्दाम त्रिकोणाला एबीसीऐवजी पीक्यूआर नाव दिलं. एकाने आकृती माझ्यासारखीच काढली, पीक्यूआर लिहिलं, आणि खाली सिद्धता पूर्ण एबीसीची. रेघ डीई, समांतर बीसी. शेवटी "हेच सिद्ध करायचे होते", त्याखाली दोन रेघा. अक्षर इतकं सुंदर! मी त्या कागदाकडे किती वेळ बघत होते. स्टेपला मार्क द्यायचे म्हटलं तर दोन तरी द्यावेच लागतात. दिले.

तोही पास झाला. माझ्या वीसातले अठरा घेऊन. आता हार्डवेअरच्या दुकानात आहे, परवा मला खिळे मोजून दिले तेव्हा एकही चुकला नाही. मग त्याला गणित येत नव्हतं की मला शिकवता आलं नाही, कोण सांगणार?

माझं म्हणणं एवढंच आहे. तीन संधी आणि खाली आणलेली रेघ या दोन्ही गोष्टी एकदम आल्या की तिन्ही परीक्षांना अर्थच राहत नाही. दहाच मार्क आणायचेत म्हटल्यावर जून-जुलैत कशाला कोण घाम गाळेल? जांबोटीच्या भावाला ३७ पडले ते त्याने ३५ ची रेघ समोर ठेवून मिळवले. यंदा त्याला वीस इंटरनल असते तर बहुधा मार्चमध्येच सुटला असता आणि आज अकाउंट्समध्ये अजून गोंधळला असता. आणि आम्ही त्याला हसून पेढे खाल्ले असते.

---

खडूधूळ

बाई, तळमळ समजते, पण एक सल्ला. एकट्याने प्रामाणिक होऊ नका. तुमचा प्रामाणिकपणा तुमच्या पोराच्या मार्क्स कार्डावर छापून येतो, तुमच्या नाही. करायचं तर तालुक्यातल्या गणित शिक्षकांनी मिळून करा. आमच्या वेळी आम्ही काहींनी असं ठरवलं होतं की इंटरनलची चाचणी शेजारच्या शाळेतल्या मास्तराने तपासायची. दोन वर्षं चाललं. मग एकाची बदली झाली, दुसऱ्याने आपल्या भाच्याला वीस दिले आणि ते मोडलं.

---

कुंदाप्रेमी

भाच्याला वीस! सर, हीच तर आपली खरी राज्यभाषा. तिला ना कन्नड लागते ना मराठी.

---

निपाणीकर_राजू

पुतणीला विचारलं, परीक्षा-२ ला बसली असतीस का. म्हणाली, "कन्नडला बसले असते काका, पण तुम्ही कुणी विचारलंच नाही." आता काय बोलणार.

---

जांबोटी_घाट

बाई, भावाला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. तो म्हणाला, "बाईंना सांग, मला इंटरनलला १६ होते." म्हणजे आमच्याकडच्या सरांनीही पंधराच्या खाली आणलं नव्हतं.

---

पाटीवरची_रेघ

तीन आठवड्यांनी परत आलेय. एफए-३ झाली.

खडूधूळ सरांचं ऐकून शेजारच्या दोन शाळांत फोन केले. एक बाई तयार आहेत. दुसरे सर म्हणाले, "मॅडम, पुढच्या वर्षी बघू," म्हणजे नाही. मग मी आपल्यापुरती चाचणी खरी घेतली. दहा प्रश्न, मोबाईल बाहेर, बाकं लांब. मागच्या बाकावरच्या त्या हिशेबनीसाला वीसात बसवून अकराच होतात. आधीच्या दोन एफएंना मीच उदारपणे दिलेले धरले तरी सरासरी सोळाच्या वर जात नाही.

त्याला पेपर दाखवला. रागावेल वाटलं होतं. त्याने बोटं मोजली आणि विचारलं, "मग बाई, लेखीत चौदा लागणार?" यावेळी वजाबाकी पहिल्या झटक्यात बरोबर. वहीच्या कव्हरवर १४ लिहिलं आणि भोवती गोल काढला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आलेखाचा कागद घेऊन आला, अक्षावर प्रमाण कसं घ्यायचं विचारायला. त्यात फार काही बघू नका, बरोबर त्याचा मित्र होता आणि दोघांना बाहेर ऊन लागत होतं.

हेडमास्तरांनी तक्ता बघितला. बोलले नाहीत, फक्त अकरावर पेन्सिलीने टिंब केलं आणि वही माझ्याकडे सरकवली. १९ वर्षांत त्यांचं हे टिंब मी पहिल्यांदा बघितलं, कारण आधी कधी वेळच आणली नव्हती.

सॅट्सवर, म्हणजे शिक्षण खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर, मार्क भरायला शुक्रवारपर्यंत मुदत आहे. काल त्यांनी विचारलं, भरले का? मी म्हटलं, सर, सर्व्हर चालत नाहीये.

सर्व्हर चालतोय.